प्रशिक्षणाचा परिणाम मोजा म्हटलं की शिक्षकांना राग का येतो? एका कमेंटला उत्तर

सर, नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली. तिथेच दोन ओळी टाकणार होते, पण तुम्ही जे बोललात ते बरेच शिक्षक बोलतात, म्हणून नीट बसून लिहितेय. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की प्रशिक्षण कसं झालं हे शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय फॉर्मवरून ठरवू नका, मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला ते बघा. त्यावर तुमचं म्हणणं असं, की वर्षभर आम्हाला ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, मध्येच पाच दिवस प्रशिक्षण, आणि मुलं वाचत नाहीत म्हणून परत आम्हालाच धरणार, म्हणजे ही शिक्षकांवर खापर फोडायची नवी पद्धत झाली.

एक गोष्ट आधी मान्य करते. मी मुलांपर्यंत उडी मारली आणि मधली पायरी लिहिलीच नाही. थॉमस गस्की या अमेरिकन प्राध्यापकांनी 2000 साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पायऱ्या मांडल्या: शिक्षकांना ते कसं वाटलं, ते काय शिकले, शाळेने आणि व्यवस्थेने त्यांना साथ दिली का, वर्गात ते वापरलं गेलं का, आणि शेवटी मुलांना काय आलं. यातली तिसरी पायरी माझ्या पोस्टमध्ये नव्हती आणि तुमचा सगळा राग त्याच पायरीवरचा आहे. ती चूक माझी.

पण मोजायचंच नाही, हे मात्र मला पटत नाही. न मोजल्यामुळेच खापर तुमच्यावर फुटतं. आपल्याकडे काय मोजतात बघा ना. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झालं, लक्ष्य साधारण 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांचं, मग कोविडमध्ये ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन गेलं, आणि चर्चा कशाची, तर किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती प्रमाणपत्रं निघाली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण आहे, म्हणजे आता तास मोजणार. हजेरी पूर्ण, फॉर्मवर सगळे ‘उत्तम’, की प्रशिक्षण यशस्वी. त्यानंतरही मुलं वाचत नसतील तर वरचा माणूस काय म्हणणार? आम्ही शिकवलं होतं, शिक्षकांनी केलं नाही. तुमच्या हातात याला उत्तर द्यायला एक कागद नसतो.

बिहारचं उदाहरण सांगते, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या मुंबईतच सुरू झालेली, मुलांच्या शिक्षणावर काम करणारी प्रथम संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी तिथे तपासून बघितलं. 2008 च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच, मुलांची वाचनाची पातळी बघून त्या पातळीपासून शिकवायची पद्धत वापरली आणि मुलं पुढे गेली. मग शाळा सुरू झाल्या, तिथे शिक्षकांना तेच प्रशिक्षण, तेच साहित्य दिलं, पण नुसत्या तेवढ्याने जवळपास काहीच फरक पडला नाही, कारण शाळेत पाठ्यपुस्तक संपवायचं होतं आणि या पद्धतीला वेळापत्रकात जागाच नव्हती. पुढे हरियाणात 2012-13 मध्ये या कामासाठी रोजचा एक तास वेगळा ठेवला, त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवली, आणि गटपातळीच्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः ते शिकवायला लावून मग शाळाभेटींना पाठवलं. तिथे मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. गणितात फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. मुलांचं शिकणं मोजलं नसतं तर बिहारचा दोष कुणाच्या माथी गेला असता, सर?

आणि मुख्याध्यापकांचं तर विचारूच नका. मध्य प्रदेशात शाळांचं मूल्यांकन करून सुधार आराखडे बनवायचा मोठा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला. आराखडे बनले, कागद पूर्ण झाले, पण शाळेच्या कामात किंवा मुलांच्या शिकण्यात काही फरक सापडला नाही. तरीही तेच मॉडेल देशभर सहा लाखांवर शाळांमध्ये नेलं गेलं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण त्या आराखड्यांवर किती मुख्याध्यापकांच्या किती संध्याकाळी गेल्या असतील.

मी स्वतः तालुक्याला सुलभक, म्हणजे शिक्षकांची प्रशिक्षणं घेणारी होते. भागाकाराच्या सत्रात गणित पेटीतले दशकाचे (दहाचे) दांडे आणि सुटे (एकेकाचे) ठोकळे घेऊन आम्ही दोन दिवस काम केलं, शिक्षक मनापासून रमले, अभिप्रायही छान आले. तीन महिन्यांनी एका शाळेत गेले तर गणित पेटी कपाटात कुलूपबंद. ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढलेली, एखादा दांडा हरवला तर भरून द्यावा लागेल ही मुख्याध्यापकांची भीती. बाईंना पद्धत नीट येत होती, त्यांनी मला फळ्यावर करूनही दाखवली. आमच्या प्रशिक्षणात मुख्याध्यापकांसाठी एक तासही नव्हता आणि साहित्य मोडलं तर चालेल असं कुणी त्यांना लेखी दिलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात जाऊन बसले म्हणून हे कळलं, फॉर्मवर ते कधीच आलं नसतं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, की मग केंद्रात, म्हणजे आमच्या जवळपासच्या शाळांच्या गटात, करायचं काय, आमच्याकडे संशोधक कुठे आहेत. संशोधक लागत नाहीत. सगळे शिक्षक एकदम कार्यमुक्त करता येत नाहीत, म्हणून बॅच पडतातच. कुठल्या शाळा पहिल्या बॅचला जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्याच शाळांमध्ये काही मुलांचं वाचन आधी तोंडी तपासा, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. तीन महिन्यांनी, दुसरी बॅच जायच्या आधी, त्याच मुलांना परत तपासा, आणि पहिल्या बॅचच्या शाळांची तुलना अजून न गेलेल्या शाळांशी करा. तपासणी शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने करावी, आपली मुलं आपणच तपासू नयेत. सोबत प्रत्येक शिक्षकाला दोनच प्रश्न: शिकलेलं किती वेळा वापरलंत, आणि नसेल वापरलं तर काय आडवं आलं. यात शिक्षकाचं नाव कुठेही लिहायचं नाही आणि हा तक्ता गोपनीय अहवालाला जोडायचा नाही, हे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांकडून आधी कबूल करून घ्या. ते कबूल करत नसतील तर तुमची भीती खरी आहे, आणि मग मीही म्हणेन की करू नका. दहा शाळांत शंभर टक्के पुरावा मिळणार नाही, पण पेटी कुठे कुलूपबंद आहे ते नक्की कळेल.

तुमच्या केंद्राची पहिली बॅच कधी आहे ते कळवा. वाचन तपासणीचा एक पानाचा तक्ता माझ्याकडे तयार आहे, तो पाठवते.