90 दिवसांच्या सक्तीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मोठ्या संस्थांनी दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती काढावी, हा माझा सल्ला तुम्हाला बेजबाबदार वाटला. तुमचं म्हणणं असं, की पासवर्ड फुटलाच तर तो चोराच्या हाती निदान तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. शिवाय ऑडिटर समोर बसला की असले सल्ले कामाला येत नाहीत.

चोर तीन महिने थांबतो कशाला? आत शिरला की तो आधी परतीची सोय करतो. मेल परस्पर बाहेर वळवणारा नियम लावतो, एखादं नवं खातं उघडून ठेवतो. पुढे पासवर्ड बदलला तरी त्याचं काही अडत नाही.

आणि बदललेला पासवर्ड तरी कसा असतो? 'एप्रिल@2024' असलेला माणूस मुदत संपली की 'जुलै@2024' करतो. यात आळस नाही. डझनभर सिस्टिम सांभाळणारा कुणीही हेच करेल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल, तर सुमारे 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. म्हणजे खातं लॉक व्हायच्या आतच काम फत्ते.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 मध्ये ठरावीक मुदतीची सक्ती करू नका असं सांगितलं, ते यामुळेच. मात्र पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर तो तत्काळ बदलायला लावा, आणि नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीशी ताडून पाहा, हेही त्यातच आहे. सक्ती काढायची आणि हे दोन्ही करायचं नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

ऑडिटची अडचण खरी आहे. पण कार्डव्यवहारांचं सुरक्षा मानक, पीसीआय डीएसएस, घ्या. त्याच्या चौथ्या आवृत्तीत 90 दिवसांची अट येते ती ओळख पटवायला पासवर्ड हा एकच घटक असेल, फोनवरच्या कोडसारखा दुसरा घटक नसेल तिथे, आणि तिथेही दुसरा पर्याय दिलेला आहे. ऑडिटरने बोट ठेवलं तर नेमकं कलम मागा. अनेकदा ती अट संस्थेच्याच जुन्या धोरणातली निघते.

खरी भोकं दुसरीकडेच असतात. 2021 मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या, पण चालू राहिलेल्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या) खात्यातून. त्याला दुसरा घटक नव्हता. हेल्पडेस्कचंही तसंच. "मीटिंगला उशीर होतोय, फोन हरवलाय, नवा नंबर लावून द्या," असा घाईचा फोन येतो, आणि कर्मचारी क्रमांक व जन्मतारीख विचारून रीसेट होतो. या दोन्ही गोष्टी बाहेरच्याला सहज मिळतात. आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करायचा किंवा वरिष्ठाकडून खात्री करून घ्यायची, एवढा नियम जरी पाळला तरी मोठा फरक पडतो. तिमाही बदलापायी हेल्पडेस्कवर रीसेटची रांग लागते, आणि रांग लागली की नेमकी हीच पडताळणी उरकली जाते. माझा सगळा विरोध इथून येतो.

अनेक जण मिळून एकच पासवर्ड वापरतात अशा सामायिक ॲडमिन खात्यांचा पासवर्ड बदलायलाच हवा, हे मात्र तुमचं बरोबर आहे. तिथला पासवर्ड माणूस टीम सोडून जातो त्याच दिवशी बदलायला हवा. तिथे 90 दिवस फारच उशिराचे आहेत.