एरंडाचं गुऱ्हाळ आणि फिरणारं इंजिन

कुपवाड एमआयडीसीतल्या आम्हा वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ या महिन्यात तिसऱ्यांदा आला. जुन्या विमानाचं इंजिन पंख्यासकट गरागरा फिरतंय, आणि खाली मजकूर: "हे रेडियल इंजिन. तेव्हाच्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती, म्हणून अख्खं इंजिनच फिरवायचे. अ‍ॅक्सिलरेटर नव्हताच. चांगलं ऑइल परवडेना म्हणून एरंडेल ओतायचे. सिलिंडर विषम, कारण सम आकडा अशुभ. पहिलं महायुद्ध संपलं आणि ही इंजिनं भंगारात गेली. माझदा गाडीचं रोटरी इंजिन म्हणजे याचाच नातू." खाली अंगठ्यांची रांग. इंजिनं खोलण्यात हयात घालवलेल्या माणसांनीही अंगठे दिले, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे व्हिडिओत गरागरा फिरताना दिसतं ते रेडियल नाहीच, रोटरी आहे. फरक समजायला छताकडे बघा. सीलिंग फॅनचा दांडा हुकाला टांगलेला, तो हलत नाही. फिरते ती बाहेरची वाटी आणि तिला जोडलेली पाती. हे रोटरी. टेबल फॅनची मोटर जागेवर, फिरतो तो दांडा. हे रेडियल. रोटरीत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले तो मधला दांडा, विमानाच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो आणि क्रँककेस (त्या दांड्याभोवतीची पेटी), सिलिंडर, पंखा असं सगळं बिऱ्हाड त्याच्याभोवती फिरतं. दोन्हींत सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले, म्हणून बंद इंजिनाच्या फोटोवरून भलेभले फसतात.

आता अकलेचं. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन आठवा. थंड ठेवायला पाणी, आणि चार स्ट्रोकांत एकदाच मिळणारा धक्का सांभाळून न्यायला बाजूला भलं जड फ्लायव्हील. शेतात ते चालतं, विमानात प्रत्येक किलो उचलावा लागतो. राइट बंधूंचं 1903 चं इंजिन साधारण 80 किलोचं, ताकद 12 अश्वशक्ती. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी काढलेलं सात सिलिंडरचं नोम ओमेगा साधारण 75 किलोत 50 अश्वशक्ती देत होतं, आणि 1909 च्या ऑगस्टमध्ये वैमानिक आंरी फार्माँ त्यावर फ्रान्समधल्या रॅंसला तीन तासांहून जास्त उडाला. हे जमलं कारण सिलिंडरच फ्लायव्हील झाले, आणि स्वतःच हवेत फिरत असल्याने विमान जमिनीवर उभं असतानाही थंड राहिले. पाणी नको, रेडिएटर नको. शिवाय क्रँकपिन, म्हणजे क्रँकशाफ्टवरचा मध्यापासून सरकलेला खुंटा ज्याला पिस्टन जोडतात, तो स्थिर, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर पिस्टन येरझारा घालतच नाहीत. सिलिंडर एका केंद्राभोवती फिरतात, पिस्टन जरा सरकलेल्या दुसऱ्या केंद्राभोवती. थरथर फारच कमी. मला तर हे इतकं देखणं वाटतं की अक्कल कुणाची काढायची असा प्रश्न पडतो.

अ‍ॅक्सिलरेटरचं अर्धं खरं. एकाच व्हॉल्व्हच्या नोमला नेहमीचा थ्रॉटल नव्हता. ल रोन आणि क्लेर्जे इंजिनांत हवा आणि पेट्रोल वेगवेगळ्या दांड्यांनी जुळवता यायचं, पण ते किचकट काम. म्हणून उतरताना वैमानिक विमान वळवायच्या दांडीवरचं बटण दाबून इग्निशन (प्लगची ठिणगी) क्षणभर तोडायचे, सोडायचे, पुन्हा तोडायचे. तेवढ्या वेळात पेट्रोल मात्र येतच राहायचं, आणि ते न जळलेलं इंजिनाभोवतीच्या झाकणात साठून भडका उडायची भीती असायची.

एरंडेल! स्वस्त म्हणून नव्हे. पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून थेट क्रँककेसमध्ये यायचं. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन गेलं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही आणि तापल्यावरही धातूला धरून राहतं. ते परत टाकीत यायचं नाही, धुरासोबत बाहेर आणि वैमानिकाच्या तोंडावर. घरी आजीने चमचाभर पाजलेलं ज्यांना आठवतं, त्यांना पुढचं सांगायला नको. फॉरवर्डचं गुऱ्हाळ एरंडाचं होतं, पण या इंजिनात एरंडाने खरंच काम केलं.

विषम आकड्यामागे शकुन नाही, हिशेब आहे. नऊ मुलं गोल बसवा आणि एकाआड एकाला खाऊ द्या: 1, 3, 5, 7, 9, आणि न थांबता पुढे 2, 4, 6, 8. दोन फेऱ्यांत प्रत्येकाला एकदाच, सारख्या अंतराने. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, त्याला हेच हवं असतं. आठ मुलं बसवलीत तर 7 नंतर पुन्हा 1 येतो आणि निम्मी उपाशी. पुढे 14 आणि 18 सिलिंडरची इंजिनं आली, ती सात-सात आणि नऊ-नऊच्या दोन ओळींची.

भंगारात गेली ती रोटरी. आकाराने वाढली तशी हवा घुसळण्यातच तिची ताकद वाया जाऊ लागली, आणि फिरत्या वजनाचा भोवरा विमानाला छळायचाच: 1917 च्या सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानाचं नाक उजवीकडे वळताना खाली जायचं, डावीकडे वळताना वर. रेडियल मात्र तिथूनच जोरात आली. 1927 मध्ये अमेरिकन वैमानिक लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो नऊ सिलिंडरच्या राइट व्हर्लविंड या रेडियलवर. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला जवान उतरवणाऱ्या डाकोटा विमानांना 14 सिलिंडरची दोन-दोन रेडियल होती. माझदाच्या इंजिनात त्रिकोणी रोटर फिरतो, पिस्टनच नाही; नातं फक्त नावाचं.

राहिला व्हिडिओचा शेवट. तिथे खरंच एक रेडियल आहे, आणि एक माणूस पंखा हाताने हळूहळू फिरवतोय. तिथला मजकूर म्हणतो, बॅटरी उतरलीय. तसं नाही. इंजिन उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं, आणि द्रव काही दबत नाही, म्हणून आधी हाताने फिरवून बघतात. हाताला पंखा अडला तर जोर न लावता खालचे प्लग काढून ऑइल सांडू द्यायचं. सांगलीत हे कुणाला नव्याने सांगायला नको. 2019 च्या पुरानंतर पाण्यातून काढलेल्या गाडीला ज्यांनी आधी सेल्फ मारला आणि मग प्लग काढला, त्यांच्या वाकलेल्या कनेक्टिंग रॉडपैकी दोन अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहेत.