‘शून्य दाखवले म्हणजे तार मेली’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील यंत्रमागधारक आणि वायरमन यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: व्होल्ट आणि करंट मोजणाऱ्या साध्या पिवळ्या मल्टिमीटरवरही १००० व्होल्ट छापलेले असतात आणि कारखान्यात ४१५ च्या वर काही येत नाही, तेव्हा महागडे मीटर घेणे ही उधळपट्टी आहे, चुकून काही झालेच तर आतला फ्यूज उडतो, आणि मीटरने शून्य दाखवले की तार मेली समजावी. यातला ४१५ चा आकडा तेवढा, तोही लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजपुरता, बरोबर आहे. बाकीच्यावर विसंबून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या शिकाऊ मुलाने बोर्डात प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकदार टोके, घालू नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

त्या १००० पासून सुरुवात करू. बहुतेक पिवळ्या मीटरांवर हा आकडा डीसीच्या बाजूला असतो, एसीच्या बाजूला तो ७५० किंवा त्याहून कमी असतो. पण खरी गोम वेगळीच आहे. मोठी मोटर बंद होताना किंवा जवळपास वीज कोसळल्यावर लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो, आणि त्याने मीटरच्या आत ठिणगी पेटली तर तिच्या वाटेने लाइनचा सगळा करंट धावून येतो. मीटर हे कोणत्या जागी सोसेल, ते त्यावरच्या ‘कॅट’ या वर्गावरून ठरते. कॅट दोन १००० व्होल्ट आणि कॅट तीन ६०० व्होल्ट, या दोन्ही मीटरांची चाचणी ६००० व्होल्टच्याच झटक्याने होते. मात्र पहिल्या चाचणीत वाटेत १२ ओहमचा रोध असतो आणि दुसरीत फक्त २ ओहमचा, म्हणजे झटक्यामागे ५०० ऐवजी ३००० अँपिअरची ताकद उभी असते. येथे मोठा आकडा छापलेले मीटरच दुबळे ठरते. घरच्या सॉकेटला कॅट दोन पुरते. कारखान्याच्या बोर्डाला कॅट तीन हवे, आणि प्रोबच्या वायरीही त्याच वर्गाच्या हव्यात.

फ्यूजवरचा भरवसा तर सर्वांत घातक. फ्यूज असतो तो करंट मोजण्याच्या वाटेवर, आणि स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या जॅकशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे छापूनच दिलेले असते, जे कोणी वाचत नाही. दुचाकीच्या बॅटरीचा करंट मोजून लाल वायर त्याच जॅकमध्ये राहिली आणि मग प्रोब दोन फेजांना लावले, तर हातात मीटर नसून शॉर्ट सर्किट असते. काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज असला, तरी ४१५ वर तो फुटूनही ठिणगी चालू राहू शकते. त्यासाठी वाळू भरलेला, ६०० किंवा १००० व्होल्टचा एचआरसी, म्हणजे प्रचंड करंटही सुरक्षित तोडणारा फ्यूजच लागतो. मोटरचा करंट क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती नुसता चिमटा लावून मोजणाऱ्या मीटरने मोजावा, वाद मिटला.

राहिले शून्य. नॉब डीसीवर राहिला, प्रोबची वायर आतून तुटली, तरीही एसी लाइनवर शून्यच दिसते. न्यूट्रल मागे कोठेतरी तुटलेला असेल आणि पुढे दिवा किंवा पंखा चालू स्थितीत असेल, तर फेज-न्यूट्रलमध्ये मीटर शून्य दाखवते आणि त्या वेळी दोन्ही तारा जिवंत असतात. म्हणून मीटर आधी चालू असलेल्या लाइनवर तपासावे, मग बंद केलेली तार प्रत्येक फेजशी, न्यूट्रलशी आणि अर्थशी मोजावी, आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर मीटर खात्रीने पाहावे. मेन पाडल्यावरही पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा उरू शकतो. तो डीसी असतो, आणि नॉब एसीवर असेल तर मीटर त्यालाही शून्यच म्हणते.