निसर्गाचं नाव घेताय, तर आधी हातातलं कापड तपासा

पर्यावरण आणि वस्त्रकला यांवरच्या सामूहिक कार्यशाळा हल्ली बऱ्याच होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. पानाफुलांचे ठसे उमटवायला कोरं करकरीत कापड खास त्या दिवसासाठी विकत आणलेलं असतं. हस्तकलेसाठी मिळणारं स्वस्त फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड) तर बहुधा पॉलिएस्टरचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं. जंगल वाचवा म्हणायचं, आणि जंगल भरायचं ते पेट्रोलियमपासून बनलेल्या तंतूंवर!

माझं म्हणणं, सुरुवात रंगाने नको, काडेपेटीने करा. प्रत्येकाने एक जुना कपडा आणावा, आतल्या दुमडीतून कापडाचे दोन-चार धागे काढावेत आणि चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवावेत. सुती धागा चटकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे बोटाने चुरडेल अशी मऊ राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. (धागा कापडाचाच घ्या. सुती सदऱ्याची शिलाईसुद्धा पुष्कळदा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते.) तो मणी बोटांत धरल्यावर, दर धुण्यात या कापडातून सुटणारे बारीक तंतू पाण्याबरोबर कुठवर जात असतील हे वेगळं समजावावं लागत नाही.

रंगांच्या बाबतीतही खरं सांगा. हळद झटकन चढते, पण उन्हात विटते. बीट सुती कापडावर टिकतच नाही. घरी गेल्यावर दोन धुण्यांत रंग गेला की माणसाला वाटतं, नैसर्गिक रंग म्हणजे असंच. तसं नाही. सुती कापडाला आधी हिरड्याचं किंवा डाळिंबाच्या सालीचं पाणी द्या, मग तुरटी आणि त्यानंतर मंजिष्ठा. तो लाल रंग वर्षानुवर्षं साथ देतो. नीळ तर पाण्यात विरघळतच नाही. आंबवणात तिचं रूप बदलतं, तेव्हाच ती धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की पिवळट-हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. त्या क्षणी सगळे बोलायचे थांबतात, दरवेळी. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला क्विनाइन हे हिवतापावरचं औषध बनवण्याच्या खटपटीत कोळशाच्या डांबरापासूनचा जांभळा रंग गवसला, आणि पुढच्या काही दशकांत कारखान्यातल्या रंगांनी ही सगळी विद्या हातांतून काढून घेतली. ती परत शिकायची तर नीट शिकूया.

आणि ‘सामूहिक’ म्हणजे एका खोलीत बसून प्रत्येकाने आपापला रुमाल रंगवणं नव्हे. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाचं प्रवाळ विणायला घेतलं. पुढे ठिकठिकाणच्या हजारो लोकांनी त्यात आपापली वीण जोडली, लोकरीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्यासुद्धा विणल्या. मरत चाललेल्या प्रवाळाबद्दल सांगताना त्याला मारणारा कचराही त्यांनी त्यातच घेतला. साहित्य आणि विषय इतके एकजीव झाले की काम बोलतं.

तेव्हा कार्यशाळेला नाव नोंदवण्याआधी बिनधास्त विचारा: कापड जुनं की नवं? रंग पक्का करायला तुरटी, की तांबं आणि क्रोम? उरलेलं रंगाचं पाणी कुठे ओतणार? आयोजकांकडे उत्तर नसेल तरी विचारा. पुढच्या खेपेला ते तयारी करून येतील.