राज्यशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

बारावीचे टक्के कमी पडले म्हणून आपण राज्यशास्त्र घेत आहात, असे कोणी सुचवल्यास मुळीच मनावर घेऊ नका. कौटिल्याची सप्तांगे, म्हणजे राज्याची सात अंगे, त्याला घडाघडा म्हणून दाखवा. काका मात्र "मग उभा कधी राहतोस?" असे विचारतील आणि हा विनोद तीन वर्षे पुरवतील, तो दर वेळी नव्याने हसून घ्यावा.

निवडणुकांचा अभ्यास करता करता महाविद्यालयातच एकदा मतदान करून पाहण्याची इच्छा होईल, ती आवरा. महाविद्यालयांतील थेट निवडणुका महाराष्ट्रात १९९०च्या दशकात थांबल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद आहे आणि ती पाठ करणे हे मतदानापेक्षा कितीतरी शांततेचे काम आहे. पक्षांतरबंदीचा प्रश्न आला तर १९८५ची ५२वी घटनादुरुस्ती, मग एकतृतीयांश सदस्य एकदम फुटल्यास पद वाचवणारी सवलत काढून टाकणारी २००३ची ९१वी, असे क्रमाने लिहावे. उत्तर लिहीत असताना खिडकीबाहेर पाहू नये.

आता करिअर. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत भिंतीकडची खुर्ची पकडा आणि यूपीएससीला ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून हेच शास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचा. प्राध्यापक व्हायचे असेल, तर एमए, मग नेट किंवा सेट, जमल्यास पीएचडी, एवढे झाले की आपण तासिका तत्त्वावर, म्हणजे घड्याळ लावून, संविधान शिकवण्यास पात्र ठरता. कलम १७३ शिकवताना आवाज स्थिर ठेवावा, कारण विधानसभेत बसून कायदे करण्यासाठी त्यात नागरिकत्व, शपथ आणि वयाची २५ वर्षे मागितली आहेत, पदवीचे नावही नाही. कलम १६४ वाचले तर आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येते. (आपल्याला मात्र मुलाखतीला मूळ गुणपत्रिका आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच न्यावे लागतील.)

दुसऱ्या वर्षाला एटीकेटी लागून कॉलेज सोडलेल्या वर्गमित्राशी संबंध चांगले ठेवा. पुढे त्याची भाषणे लिहिण्याचे काम आपल्याकडेच येईल आणि मानधनाबरोबर त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, कॉलेजच्या फाटकासमोरच, तळच्या रांगेत डावीकडून तिसरा आपला फोटोही झळकेल. आडनावातली वेलांटी तेवढी चुकलेली असेल.