चार ओळी म्हणजे दुरावा?

जेन कार्लाइल (एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइल यांची बायको) स्कॉटलंडमधल्या सासूला स्वतंत्र पत्र न लिहिता नवऱ्याच्याच पत्राखाली चार ओळी जोडायची, म्हणजे दोघींत दुरावा होता, हा तिच्यावरच्या एका लेखातला निष्कर्ष पटला नाही. कार्लाइल दांपत्य १८३४ मध्ये लंडनला आलं आणि पेनी पोस्ट (देशात कुठेही एका पेनीत पत्र) सुरू झालं १८४० मध्ये. तोवर लंडनहून स्कॉटलंडला एका कागदाचं टपाल शिलिंगच्या (म्हणजे बारा पेनींच्या) वर जाई, दुसरा कागद जोडला की दुप्पट. आणि ते पैसे सहसा भरायचे पत्र घेणाऱ्याने! सासूवर भुर्दंड टाकण्यापेक्षा उरलेल्या कोपऱ्यात मजकूर कोंबणं हाच शहाणपणा. वर्तमानपत्र मात्र फुकट जाई, म्हणून थॉमस कार्लाइल त्याच्यावर दोन रेघा ओढून पाठवत: सगळं ठीक. (नियमात बसत नव्हतं, पण चालायचं.)

सासूबाई मार्गारेट लिहायला शिकल्या त्याच मोठेपणी, मुलाला उत्तर देता यावं म्हणून. लेखात याचा उल्लेखच नाही!

आमच्या आजीने तिच्या सासूला पाठवलेली पोस्टकार्डं घरात आहेत. ‘ती. सौ. आईंस सा. न.’ नंतर आजोबांचा ऐसपैस मजकूर, आणि आजी कडेला, आडवी: ‘लोणचं पोचलं. गुडघा कसा आहे?’