पेपर शेवटच्या पानापासून वाचणारी माणसं

आज लेकीची मीडिया स्टडीजची वही हातात पडली आणि डोकं फिरलं. प्रश्न होता 'द सन' या ब्रिटिश टॅब्लॉइडच्या वाचकवर्गाचा. शाळेनं दिलेल्या नमुना उत्तरावरून तिनं लिहिलं होतं: वाचक सी-टू, डी, ई गटातला (इकडे लोकांना कामधंद्यावरून ए ते ई अशा गटांत घालतात, ए सगळ्यात वरचा), कष्टकरी, कमी शिकलेला, छापलेलं 'निष्क्रियपणे स्वीकारणारा'. पुढे लंडनच्या 'टाइम्स'चा वाचक आलाय, तो ए, बी गटातला आणि अर्थातच 'चिकित्सक'. पूर्ण मार्क!

निष्क्रिय म्हणे. यांनी 'सन' वाचणारा माणूस जवळून कधी पाहिलाय का?

मी पाहिलाय. लेस्टरजवळच्या एका गोदामात नाइट शिफ्टला पॅकिंग करायचे तेव्हा आमच्यात एक म्हातारा फोर्कलिफ्टवाला होता. ब्रेकला 'सन' उघडायचा तो मागून. आधी फुटबॉल, मग घोडे, मग 'डिअर डीड्री'चं सल्ल्याचं सदर. नवऱ्याचं मेव्हणीशी सूत जुळलंय, काय करू, असलं पत्र तो बायकी आवाज काढून वाचायचा आणि टेबलावरचे सगळे, पोलिश पोरं, गुजराती मावशी, आपापला निकाल द्यायचे. मावशींचा निकाल सगळ्यात जहाल. पहिल्या पानाशी पोचला की 'थापा सगळ्या' म्हणून घडी घालायचा. लोक पेपरातून आपल्याला हवं तेवढंच उचलतात, हे कॅट्झ आणि ब्लमलर या माध्यम-अभ्यासकांनी सिद्धान्त म्हणून मांडलं. आमच्या कँटीनमध्ये ते रोज पहाटे तीनला चालायचं.

आणि कहर म्हणजे त्या नमुना उत्तरात आधाराला नाव कुणाचं, तर माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉलचं! अहो, ज्या माणसानं 1973 मध्ये बर्मिंगहॅमला बसून नेमकं उलटं सांगितलं! छापणारा एक अर्थ भरतो, वाचणारा तो जसाच्या तसा घेईल, थोडा घासाघीस करून घेईल किंवा सरळ धुडकावेल. त्यातला पहिलाच पर्याय कामगारांच्या कपाळावर चिकटवायचा आणि खाली हॉलची सही ठोकायची. धन्य आहे.

धुडकावणं म्हणजे काय ते बघायचं तर लिव्हरपूल बघा. 15 एप्रिल 1989 ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याला लिव्हरपूलच्या चाहत्यांची चेंगराचेंगरी झाली, बळींची संख्या शेवटी 97 झाली. चार दिवसांनी 'सन'नं पहिल्या पानावर 'द ट्रुथ' असा मथळा देऊन छापलं की चाहत्यांनीच मेलेल्यांचे खिसे कापले. धादांत खोटं. त्या शहरानं पेपर घेणं बंद केलं ते आजतागायत. कितीतरी दुकानदार ठेवतच नाहीत. हे करणारे कोण होते? बरेचसे तुमचे ते सी-टू, डी, ई.

आमच्या शिफ्टला लिव्हरपूलचा एक पोरगा होता. तो आत आला की म्हातारा बोलता बोलता पेपर कोटाच्या आतल्या खिशात सारायचा. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यावर कधी चर्चाही झाली नाही. पोरगा चहा घेऊन गेला की पुन्हा घोडे सुरू. याला कुठल्या रकान्यात घालाल?

बरं, पेपराचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाहीये. 'सन' घेणं बंद झाल्यावर लिव्हरपूलकडचा युरोपद्वेष बाकी इंग्लंडच्या मानानं उतरला, असं संशोधकांनी दाखवलंय. असेल. मान्य.

खरं तर मान्य करायला मला त्या संशोधकांची गरज नाही. टॅब्लॉइडांच्या पहिल्या पानांवर आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा उद्धार चालला होता, त्या दिवसांत हाच म्हातारा एकदा चहा ढवळता ढवळता म्हणाला, "फार लोक आलेत या देशात." मग माझ्याकडे बघून घाईघाईनं, "तू नाही गं, डक. ते बाकीचे." ('डक' हे तिकडचं लाडाचं संबोधन.) माध्यम-संशोधक गर्बनर टीव्हीबद्दल सांगून गेला तेच हे. बातमी थाप आहे हे माणसाला कळतं, पण रोज रोज बघून जग वाईट आहे हा ग्रह मनात साचतोच. ज्या पानाला तो थापा म्हणायचा, त्याच पानातलं हे वाक्य. राग आला होता मला. पण माझा स्टूल नेहमी राखून ठेवणाराही तोच होता, त्यामुळे नीट रागावताही आलं नाही.

म्हणून तर त्या 'निष्क्रिय'नं माझ्या अंगाची लाही होते. असा शिक्का मारला की वाचकच मूर्ख ठरतो आणि मालक अलगद सुटतो. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकनं 1969 मध्ये 'सन' घेतला, 1981 मध्ये टाइम्स. तिजोरी एकच. मग परीक्षेत एकाचा वाचक बिनडोक आणि दुसऱ्याचा चिकित्सक कसा?

26 एप्रिल 2016 ला हिल्सबरोच्या चौकशीत ज्युरींनी निकाल दिला: ते मृत्यू बेकायदेशीर होते, चाहत्यांचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी 'सन'च्या पहिल्या पानावर ही बातमी नव्हती. आणि टाइम्सच्या पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या पानावरही नव्हती! पुढच्या आवृत्तीत घातली. ती पहिली आवृत्ती विकत घेऊन नाश्त्याला वाचणाऱ्या ए, बी गटातल्या मंडळींना कुठल्या नमुना उत्तरात निष्क्रिय म्हटलंय, ते मला कुणीतरी दाखवा.